आमच्या बिल्डिंगचं ऑपोझिशन

आख्ख्या कळव्यात माझ्याएवढे पेपर कुणाच्या हाताखालून जात नसतील. इस्त्रीचे कपडे त्यातच तर गुंडाळतो! वाचायचं म्हणाल तर जोडाक्षर आलं की मी उडी मारून पुढे जातो, आणि राजकारणाच्या पानावर तर नुसत्या उड्याच. त्यामुळे 'ऑपोझिशन' हा शब्द मी पेपरातून नाही, देवधर काकांमुळे शिकलो.

आधी मला वाटायचं, हा काहीतरी आजार असणार. काका दुसऱ्या मजल्यावरून उतरले की सेक्रेटरी साहेब कपाळाला हात लावायचे, "आलं बघ आपलं ऑपोझिशन." मी तिथेच, जिन्याखाली, माझ्या इस्त्रीच्या टेबलामागे. वीस वर्षं तीच जागा. मला काकांची दया यायची. म्हटलं, एवढा चांगला रिटायर मास्तर आणि या वयात हे लागलं.

सोसायटीची मीटिंग खाली पार्किंगमध्ये होते. सगळे रांगेत बसले की काका आपली खुर्ची उचलून भिंतीपाशी नेणार, एकटे बसणार, आणि ठराव कुठलाही असो, हात वर. "माझा विरोध. नोंद करा." पिवळा रंग लावायचा? विरोध. पाण्याची टाकी धुवायची? विरोध. पंच्याहत्तरीला सोसायटीनं त्यांचाच सत्कार ठरवला, त्यालाही विरोध! शाल मात्र घेतली, वर विचारलं, "नोंद केलीत ना?" आणि गंमत बघा, टाकी धुवायच्या दिवशी बादली घेऊन गच्चीवर पहिले कोण, तर काका. "ठराव झाला ना? मग आता तो माझाही."

एकदा मी विचारलंच, "काका, ऑपोझिशन म्हणजे दुश्मनच ना?"

"छे रे. इस्त्री शर्टावर ठेवण्याआधी तू ओलं बोट लावून बघतोस ना?"

"बघतो की. चटका पण बसतो."

"चटका बोटाला, पण शर्ट वाचतो. ते बोट म्हणजे ऑपोझिशन."

हे मला एवढं पटलं, एवढं पटलं, की इस्त्री तशीच ठेवून मी मान हलवत राहिलो आणि नाईक वहिनींच्या मिस्टरांच्या शर्टाचा खिसा गेला.

यंदाची मीटिंग रविवारी दुपारी होती. समोसे आलेले, वाटायला मी. समोसे दिसले की आमच्या लोकांचे कान बंद होतात. सेक्रेटरी साहेब वाचतायत, लोक "मंजूर, मंजूर" करतायत. ठराव सातवा, जिन्याखालील अतिक्रमण हटवणे.

"मंजूर!"

त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा. मी मेंबर नाही, काही नाही. अतिक्रमण म्हणजे काय ते पण ठाऊक नाही. पण सगळे ओरडतायत तर आपण का मागे राहायचं?

"विरोध," भिंतीजवळून काका.

"झालं यांचं सुरू! काका, समोसा थंड होतोय," सेक्रेटरी साहेब म्हणाले.

"होऊ द्या. जिन्याखाली नेमकं काय आहे, ते एकदा साध्या शब्दांत सांगा."

सेक्रेटरी साहेब खोकले. "म्हणजे... ते बबनचं टेबल."

माझ्या हातातला समोसा चटणीत पडला. वीस वर्षांची रोजीरोटी, आणि ती मीच ओरडून घालवलेली!

"अगं बाई, आपला बबन?" नाईक वहिनी उठल्या. "खिसा जाळलाय मेल्यानं, पण म्हणून काय त्याच्या पोटावर पाय द्यायचा?"

काकांनी पुन्हा मत घ्यायला लावलं, आणि या वेळी विरोधात सगळ्यांचे हात वर. ठराव पडला. खुशीत मी पण हात वर केलेला. काकांनी डोळे वटारले, "तू मेंबर नाहीस. खाली कर."

त्या संध्याकाळी कपडे द्यायला वर गेलो. पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "याला विरोध." मग बसवून घेतलं. काकू जाऊन तीन वर्षं झालेली.

"ही होती तेव्हा या घरात रोज अधिवेशन असायचं," काका म्हणाले. "मी पंखा लावला की ही बंद करणार. मी पोहे म्हटलं की ही उपमा करणार. आता मी पंखा लावतो आणि तो फिरतच राहतो. नाही म्हणणारं कुणी उरलं नाही रे."

आणि वर पंख्याकडे बघत राहिले.

माझं पोट ज्या माणसानं वाचवलं, त्याला द्यायला माझ्याकडे होतं काय? नुसतं तोंड. म्हटलं, "काका, उद्यापासून दुपारी मी येतो. विरोधाला."

तेव्हापासून टिटवाळ्याच्या घरून आणलेला डबा मी वरच खातो. काकांनी तोंड उघडायचा अवकाश, मी तयार. "आज जरा उकड—" "नाही!" "बबन, तुझ्या बायकोची भाजी—" "नाही!" काका हसतात. हसता हसता डोळे पुसतात. माझी छाती फुगते. परवा मी बोललोच, "काकूंची जागा आपण बरोब्बर भरली, काय? झालो ना पक्का ऑपोझिशन?"

काकांनी ताट बाजूला सरकवलं.

"नाही. विरोध करायला आधी समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं, बबन. ती ऐकायची. तू नुसता बडबड्या आहेस."