सात मार्कांचं सांबार

अनुजाने लॅपटॉप उघडला आणि मजल्यावरच्या आठही बायकांना सांगितलं, "नियम एकच. एकमेकींशी बोलायचं नाही."

लालबागच्या चाळीत असा नियम आजवर कोणी काढला नव्हता. पण प्रसंगच तसा होता. रविवारी बाबांचा, म्हणजे दत्तारामांचा, पंचाहत्तरावा वाढदिवस आणि त्यांना हवं होतं आईच्या चवीचं काळ्या वाटाण्याचं सांबार. आई जाऊन वर्ष झालं होतं. मसाल्याचं प्रमाण तिने कुठे लिहिलं नव्हतं. तेव्हापासून बाबा दोन घास खाऊन ताट सरकवत.

ऑफिसात अनुजाचं कामच हे. मोठ्या गणिताचं उत्तम उत्तर शोधायला ती कॉम्प्युटरवर आठ प्रोसेस एकदम सोडायची. प्रत्येकीने वेगळ्या जागेवरून निघायचं, आपापलं चाचपडत वर चढायचं. एखादी टेकडीवरच अडकली तरी दुसरीला डोंगर सापडतो. तेच आता चुलीवर. आठ घरं, आठ प्रमाणं. रोज संध्याकाळी आठ वाट्या येणार, बाबा दहापैकी मार्क देणार आणि लॅपटॉप प्रत्येकीला उद्याचं प्रमाण काढून देणार.

सोमवारी शून्यापासून तीनपर्यंत मार्क पडले. दर्शनावहिनींच्या वाटीला बाबा म्हणाले, "हे भिंतीला लावा."

मंगळवारी आठही वाट्यांना सात. अनुजा गॅलरीतच नाचली. "बाबा, बघा, कसं चढतंय!"

बुधवारी सात. गुरुवारी सात. लॅपटॉप बिचारा चक्रावला. एकीला मिरची शून्य सांगू लागला, दुसरीला दुप्पट, तिसरीला दगडफूल दोन चमचे. शुक्रवारीही सातच.

"नक्की काय कमी आहे, बाबा?"

"थोडंसंच," बाबा आंबोळीने वाटी पुसत म्हणाले. "ते तुझ्या मशीनला विचार."

शनिवारी अनुजाचा धीर सुटला. शून्य मिरचीची वाटी तिने स्वतः चाखली आणि तिखटाने डोळ्यांतून पाणी आलं. दुप्पट मिरचीची चाखली. तीच चव. ती तडक दर्शनावहिनींकडे निघाली, तर त्या घरी नव्हत्या. त्या गॅलरीच्या टोकाला, आठव्या घरच्या मालनकाकूंच्या दारात होत्या. सात बायका रिकामी पातेली घेऊन उद्याचं घ्यायला रांगेत उभ्या होत्या. नियम मात्र कडक पाळला होता. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आत चुलीवर एकच मोठा टोप रटरटत होता.

"वहिनी, हे काय?"

"अगं, भिंतीला लावायचं सांबार पुन्हा माझ्या वाटीतून दत्ताभाऊंपुढे जाणार? मजल्यावर अब्रू राहिली असती का माझी? मंगळवारी गुपचूप काकूंकडे आले, तर या सगळ्या आधीच हजर."

मालनकाकू पदराने हात पुसत बाहेर आल्या. "तुझ्या आवशीचोच मसालो हा. वीस वर्सां मसालो कुटूक डंकावर आमी दोघी एकत्र जाव."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस खंय? तूच म्हटलंस, बोलूचा नाय."

अनुजाला हसावं की रडावं कळेना. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि ती घरी धावली.

"बाबा, मंगळवारपासून तुम्ही आईचंच सांबार खाताय."

"माहितेय. पहिल्या घासालाच कळलं."

"मग सात का?"

बाबांनी गॅलरीकडे पाहिलं. नियम मोडल्याबरोबर बायकांचा सहा दिवसांचा तुंबलेला गलका सुरू झाला होता. गेले सहा दिवस त्या वाट्या घेऊन येत, दारात टेकत आणि बाबा जेवेपर्यंत हलत नसत.

"दहा दिले असते," बाबा म्हणाले, "तर बुधवारी कोण आलं असतं?"

 

रविवारी ओवाळणी झाली, आठ वाट्या आल्या. अख्खा मजला दारात टेकला. बाबांनी शेवटची वाटी बोटाने निपटून घेतली आणि बराच विचार केला.

"साडेसहा."

अनुजाने गंभीर चेहऱ्याने आकडा लॅपटॉपमध्ये टाकला. "अवघड आहे," ती बायकांना म्हणाली. "अजून महिनाभर तरी फेऱ्या घ्याव्या लागतील."