मागच्या उताराचे दळवीकाका

आमच्या बिल्डिंगमधून कुणी गावाला निघालं की बाकीचे सांगतात, पोचल्यावर फोन कर. तळमजल्यावरचे दळवीकाका सांगतात, "येताना बी आण. पण आईबाप बघून."

आईबाप म्हणजे झाडाचे. मागे माझा नवरा जालन्याला एका लग्नाला निघाला होता. काकांनी त्याला रिक्षात बसता बसता गाठलं आणि पळसाचं स्थळ बघून यायला सांगितलं. पाटाच्या कडेचं, आयतं पाणी पिणारं झाड नको. माळावर उभं असलेलं, कुणी ढुंकून न बघणारं हवं. अंगाने सरळ, खोड पोखरलेलं नाही. आणि आसपास त्याचे भाऊबंद पाहिजेत, एकट्यादुकट्या झाडाचं बी नको. माझा नवरा पडला भिडस्त. अहेर द्यायचं विसरला आणि पळसपापड्यांची पिशवी भरून घेऊन आला.

काकांनी एक पापडी उजेडात धरून पाहिली. मग विचारलं, "पाऊस किती तिथे?"

"काका, मी लग्नाला गेलो होतो," नवरा म्हणाला.

"मग कुणाला तरी विचारायचं. मांडवात रिकामीच बसलेली असतात माणसं."

दळवीकाका मूळचे कणकवलीकडचे. वनखात्यात वनरक्षक होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. सुलभाकाकू गेल्यापासून घरात एकटेच. मुलुंडला डोंगराच्या अंगाला आमची सोसायटी आहे. तिच्या मागे उताराचा एक तुकडा आहे, तोही सोसायटीचाच, आणि तिथून वर जंगल सुरू होतं. काकांचा सगळा दिवस या तुकड्यावर जातो. घरात फ्रीज आहे, पण त्यात भाजी कमी आणि बियांच्या पुड्या जास्त. प्रत्येक पुडीवर लिहिलेलं: "खैर, संगमनेरकडचा, काटक." "ऐन, घरचा, पाणी लागतं."

मी सोसायटीची सेक्रेटरी. डोकं मुळातच तापट, त्यात हे पद. लिफ्ट बंद पडली की लोक माझी बेल वाजवतात. त्यामुळे काका एक दिवस बियांची पुडी घेऊन दारात आले तेव्हा मी सरळ सांगितलं, "काका, उतारावर झाडं गच्च आहेत. अजून कशाला ही परगावची वऱ्हाडं?"

ते शांतपणे चपला काढून आत आले. चहा सांगितला. माझ्याच घरात, मलाच.

"सेक्रेटरी, ऐक गो," ते म्हणाले. "डोंगर तोच आहे, हवा ती ऱ्हवली नाय. आधी दिवस कलला की उतार गार पडायचा, आता दगड निवतच नाहीत. पाऊस चार महिने पुरवून पुरवून पडायचा, आता चार दिवसांत ओतून मोकळा होतो आणि मग तोंड दाखवत नाही. आपल्या झाडांना ही सवय नाही. जालन्याच्या पळसाला आहे. म्हणून घरची चार ठेवायची आणि एक सून बाहेरची आणायची. घर टिकतं."

"आणि सुनेचं पटलं नाही तर?"

"तर ती मरते. दुसरी बघायची," काका म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. गंमत संपली ती एप्रिलच्या सभेत. काकांनी अर्ज दिला होता: उतारावरच्या ऑस्ट्रेलियन बाभळींपैकी दर तिसरं झाड पावसाच्या आधी तोडावं.

सभेत आग लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई रोज सकाळी त्याच बाभळींचा फोटो काढून सगळ्या ग्रुपवर सुप्रभात पाठवतात. त्या उठून म्हणाल्या, "जन्मभर वनखात्याचं मीठ खाल्लं आणि आता झाडं तोडायला निघालात? ज्याने लावली त्याला काय वाटेल?"

"मीच लावली," काका म्हणाले.

ही झाडं आपोआप आली असावीत, असंच आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं.

"बिल्डिंग नवी होती, उतार बोडका होता. नर्सरीत उरलेली रोपं मी साहेबांना विचारून आणली. लवकर हिरवं दिसायला पाहिजे होतं. दिसलं. पण सगळी एका जातीची, एकाच पावसाळ्यातली. आता एकदमच म्हातारी झालीत. खाली दुसरं काही रुजू देत नाहीत. एक मोठा वारा, एक मोठा पाऊस, की सगळी बरोबरच खाली येतील, माती घेऊन. आणि खाली आपल्या पोरांचं खेळायचं मैदान आहे. चूक माझी आहे. मी आहे तोवर मलाच निस्तरू द्या."

कुलकर्णीबाई बसल्या. मतदान झालं, ठराव दोन मतांनी पास झाला. त्यातलं एक मत माझं होतं, आणि ते मी चिडूनच दिलं, कारण पालिकेत अर्जाचे खेटे मलाच घालायचे होते.

खेटे घातले. पालिकेचा माणूस येऊन बघून गेला, परवानगी आली. मे संपत आला होता. करवतवाले दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते, आणि तोडायच्या झाडांवर त्याआधी चुन्याची खूण करायची होती. काका सकाळपासून चुन्याचा डबा घेऊन उतारावर फिरत होते. संध्याकाळी मी यादी पडताळायला गेले. सगळ्या खुणा झाल्या होत्या, एक सोडून.

ते झाड मैदानावर चांगलंच कललेलं होतं. काका त्याच्याशेजारी दगडावर बसलेले.

"काका, हे राहिलं की."

"होय. ह्याला तू चुना लाव. माझा हात वर जात नाही, खांदा धरलाय."

बाकीच्या झाडांवर त्यांनी डोक्याच्याही वर खुणा केल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. ते मैदानाकडे बघत होते.

"हे सुलभाचं," ते म्हणाले. "बाकीची मी वाढवली, हे तिनं. रोज संध्याकाळी कळशी घेऊन वर यायची. मी सांगायचो, अगो, आठवड्यातून एकदा घाल, तहान लागली की मूळ खाली जातं. ऐकायची नाही. म्हणायची, आपण रोज जेवतो ना? वरच्या वर पाणी मिळालं, मुळं वरच राहिली. म्हणून कललं बघ. सगळ्यात आधी हेच पडणार."

लिफ्टवाल्याला झाडते तसं इथे काही चालणार नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलंही नाही.

"राहू दे ना हे एक," मी म्हटलं. "आधार लावू. मी मीटिंगमध्ये सांगते."

"खाली पोरं खेळतात गो," काका म्हणाले.

मी ब्रश घेतला आणि खूण केली. चुना ओघळून खाली आला.

काका उठले. पिशवीतून नारळ काढून त्यांनी झाडाच्या बुंध्याशी ठेवला, वर चार दाणे तांदूळ टाकले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "देवाला गाऱ्हाणं घालायचं आहे. पाडायच्या आधी सांगावं लागतं. पण ते एकट्याने घालता येत नाही. व्हय म्हणणारं कुणीतरी लागतं. ते सुलभा म्हणायची. तू थांबशील?"

मी वाईची. आमच्याकडे गाऱ्हाणं असं नसतं. पण मी पदर खोचून त्यांच्या शेजारी उभी राहिले.

काकांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या झाडान आमका सावली दिली. उद्या आमी ह्येका पाडतलंव. ह्येच्यार जी पाखरां, किडामुंगी ऱ्हवतत, त्येंका दुसरीकडे थारो दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"ह्येच्या जाग्यार जां काय लावतलंव, तां जगव, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मला वाटलं, संपलं.

"आणि जिना ह्येका रोज पाणी घातल्यान," ते हळूच म्हणाले, "तिका वायट वाटाक देऊ नको, म्हाराजा."

काका हात जोडून वाट बघत राहिले. मग मी जमेल तेवढ्या मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा."