बिनगळाचे मेश्रामकाका

आमचे मेश्रामकाका इथे जर्मनीत नदीच्या कंबरभर पाण्यात उभे राहून मासे पकडतात आणि त्यांच्या दोरीच्या टोकाला गळ नसतो. विसरलेला नसतो, तोडलेला असतो. आधी चांगला महागाचा गळ आणायचा, त्यावर पिसं आणि रंगीत दोरे गुंडाळून अगदी खरी वाटेल अशी माशी बांधायची आणि मग पक्कड घेऊन गळाचं वाकडं टोक कचकन तोडून टाकायचं, अशी त्यांची पद्धत आहे. मासा येतो, माशी तोंडात घेतो, फसवणूक लक्षात आली की थुंकून निघून जातो. काका काठावरच्या माझ्याकडे वळून समाधानाने सांगतात, "आला होता."

एकदा नदीवर देखरेख करणारे एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी काकांचा परवाना तपासला, काठी तपासली, शेवटी ती माशी तळहातावर घेऊन चष्मा वर केला आणि विचारलं, "व्हो इस्ट डेर हाकेन?" म्हणजे गळ कुठे आहे. आता याच वाक्याचा जर्मनमध्ये दुसराही एक अर्थ होतो, आपण 'यात गोम काय आहे?' असं विचारतो तसा. काका म्हणाले, नाहीच. म्हातारबुवांनी मग काकांना टोपीपासून रबरी बुटांपर्यंत न्याहाळलं. गोम काही सापडेना. तेव्हापासून ते लांबूनच हात करतात आणि आपल्या वाटेने जातात.

खरं सांगायचं तर यात वेडेपणा काहीच नाही, तर्कशास्त्र आहे. काका बौद्ध आहेत आणि पहिल्या शीलाप्रमाणे प्राण्याचा जीव घ्यायचा नाही. आमच्या इथल्या पाण्याचा नियम याच्या बरोबर उलटा. मापात बसणारा मासा गळाला लागला तर तो मारून घरी न्यायचा, उगाच धरून सोडायचा नाही, कारण तो माशाचा छळ. शील मारू देत नाही आणि नियम सोडू देत नाही. दुसरा कुणी असता तर बॅडमिंटन खेळायला लागला असता. काकांनी गळच तोडला. बरं, ताटातला मासा त्यांना चालतो. एकदा मी त्यांना सुपरमार्केटचा गोठवलेला मासा मिटक्या मारत खाताना पकडलं, तर म्हणाले, "त्याची माही ओळख नव्हती."

काका मूळचे भंडाऱ्याकडचे, तळ्याकाठच्या गावातले. एर्लांगेनमध्ये वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहेत आणि आमच्याच इमारतीत माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. मी पुण्याची, विद्यापीठात संशोधन करते, एकटी राहते आणि स्वयंपाकाचा मला मनापासून कंटाळा आहे, त्यामुळे माझा वरच्या मजल्यावर बराच राबता असतो. काका मला नावाने हाक मारत नाहीत. "पुणे, चहा घेते का?" असं जिन्यातून विचारतात. निम्मी इमारत मला फ्राऊ पुणे, म्हणजे पुणेबाई, समजते.

गेल्या हिवाळ्यापासून काकांच्या डोक्यात एकच गोष्ट आहे. सीमेपलीकडे ऑस्ट्रियात, तिरोलच्या डोंगरात एक ओढा आहे. तिथे मासा पकडून सोडायला परवानगी आहे. नुसती परवानगी नाही, सक्ती आहे. गळ लावायचा, पण उलटा काटा नसलेला. हात ओला करायचा, ट्राउट मासा क्षणभर पाण्यातच धरायचा आणि सोडून द्यायचा. काकांच्या मते ऑस्ट्रियाच्या त्या दरीतल्या लोकांनी धम्म न वाचताच समजून घेतला आहे. पाठीवर रुकझाक घेऊन डोंगर चढायचा, रात्री वरच्या लाकडी झोपड्यांत मुक्काम करायचा, दिवसा ओढ्यात उतरायचं. आणि जायचं दोघांनीच, काका आणि त्यांची लेक मितू.

मितूचं पूर्ण नाव संघमित्रा. ती इथेच वाढली, यंदा शाळा संपली आणि ऑक्टोबरात शिकायला पार उत्तरेला, कीलला चालली आहे. मुलगी गुणी आहे, पण जर्मनमध्ये गुणी आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. ती शाळेत असताना पालकसभेत काकांनी उभं राहून, शब्दाचं लिंग चुकवून, डेरच्या जागी डी म्हटलं होतं आणि वर्ग हसला होता. मितू कानापर्यंत लाल झाली. तेव्हापासून लेकीसमोर काका जर्मनचा एक शब्द काढत नाहीत. ऑफिसात दिवसभर बोलतील, घराचा उंबरठा ओलांडला की मराठी. त्यामुळे त्या घरात दोन रस्ते आहेत आणि दोन्ही एकेरी. मध्ये चौकात काकू उभ्या असतात.

तर काकांनी मितूला विचारलं, येतेस का. ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "व्हो इस्ट डेर हाकेन, पापा?" तिला म्हणायचं होतं की यात गोम काय आहे. काकांना वाटलं, लेकीने गळाची चौकशी केली. ते हरखून गेले. आतून डबा आणला, उलट्या काट्याचा गळ आणि बिनकाट्याचा गळ शेजारी शेजारी ठेवले आणि माशाच्या ओठाची रचना समजावून सांगायला बसले. मितूने बिचारीने बरंच ऐकून घेतलं. शेवटी "माल झेएन" म्हणाली आणि खोलीत गेली. माल झेएन म्हणजे बघू. आपल्याकडे 'बघू'चा जो अर्थ होतो तोच जर्मनीतही होतो. काकांनी जिन्यात गाठून मला बातमी दिली, "येते म्हणाली."

त्यानंतर तयारी सुरू झाली. गच्चीत पोहे वाळवून झाले, डाळ भाजून तिचं पीठ झालं, भात शिजवून पुन्हा वाळवला गेला. काका पाठीवर कणकेची पाकिटं भरलेली रुकझाक घेऊन जिने चढू-उतरू लागले. रविवारी इमारतीत शांतता पाळायची असते म्हणून रविवारी मोज्यांत चढायचे. काकूंच्या लग्नातल्या शालूची जर उसवून एक माशी बांधली. काकू म्हणाल्या, "अहो, मासे काय जर पाहून येणार आहेत का?" काकांनी गंभीरपणे सांगितलं, "काऊन नाही? मी आलो होतो ना." काकू आत गेल्या आणि शालूचा उरलेला तुकडा बाहेर आणून त्यांच्यापुढे ठेवला.

अंगणातल्या हिरवळीवर काठी फिरवायचा सरावही चालायचा. दोरी मागे टाकायची, थांबायचं, पुढे सोडायची. एकदा ती मागेच गेली आणि तळमजल्यावरच्या आजींचा वाळत घातलेला परकर घेऊन पुढे आली. गळ नसतानाही हे कसं जमलं, ते मला अजून कळलेलं नाही. काकांनी परकर घडी घालून परत केला आणि आजींना म्हणाले, आमच्यात पकडलेलं सोडून देतात.

मितू मात्र सरावाला येत नव्हती. कधी मैत्रिणी, कधी निरोपाच्या पार्ट्या. मग काकांची नजर माझ्यावर पडली. तिची आणि माझी उंची सारखी. एका शनिवारी त्यांनी मितूची रुकझाक माझ्या पाठीवर चढवली, पट्टे आवळले आणि म्हणाले, "आल्झो, तर मग, आज तू मितू समज." मला चालण्याची अतोनात नावड आहे. तरी एर्लांगेनजवळच्या डोंगरांतून मी मितू म्हणून दर शनिवारी चालले, मितूची विश्रांती घेतली, मितूचा वाळका भात गरम पाण्यात भिजवून खाल्ला. भात वाईट होता, तेवढं मी मितूला कळवलं नाही.

याहून मोठा छळ म्हणजे काका वाटेत गोष्टी सांगायचे आणि मध्येच थांबायचे. गावचं तळं, शिंगाड्यांचे वेल, वडिलांनी पहिल्यांदा पाण्यात ढकललं तो दिवस, असं रंगात येऊन सांगायचे. एकदा म्हणाले, "आमच्या आज्याची म्हैस तळ्यातून बाहेर आली ना बाप्पा, तं तिच्या तोंडात ह्या एवढा मासा. आजा तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला..." आणि गप्प. मी विचारलं, काय म्हणाला? काका वाटेवरचा दगड बाजूला करत म्हणाले, "नाही, हे तिथं सांगाचं आहे. तिले." मी भंडारा जिल्ह्याच्या कितीतरी गोष्टींचा पूर्वार्ध ऐकला आहे. उत्तरार्ध सगळे ऑस्ट्रियासाठी राखून ठेवलेले.

राहिला प्रश्न वाटाड्याचा. ओढा ज्या बाईंच्या ताब्यात आहे त्या तिथे खाणावळ चालवतात. त्यांचं म्हणणं, नवख्या माणसाने गाइड घ्यावा. काका ऐकायला तयार नव्हते. मला म्हणाले, "गाइड म्हणजे जावई. त्याचं ऐकाचं, त्याले जेवू घालाचं, आणि मासा त्यानं दाखवला म्हणून त्याचाच." मी म्हटलं, काका, डोंगर आहे, वाट चुकलात तर? तर त्यांनी नकाशावरच्या त्या दरीची वळणं डोळे मिटून सांगितली. मला खरंच कौतुक वाटलं. पण एवढा सावध माणूस, जो सायकलवर चढण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून बघतो, तो गाइडला एवढा का नडतोय, ते काही कळेना.

आणि मग त्या बाईंचा फोन आला. रविवारची दुपार होती, आम्ही सगळे स्वयंपाकघरात चहा घेत होतो. काकांनी फोन घेतला, दोनदा "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले आणि घामाघूम झाले. तिरोलकडचं जर्मन म्हणजे तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखं. त्यात समोर मितू बसलेली. काकांनी फोन मुकाट्याने तिच्यापुढे सरकवला. मितूने स्पीकर लावला.

बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, एक दिवस आमचा मुलगा फुकट येईल सोबत, वाटा दाखवेल, तरुण आहे, गप्पिष्ट आहे, तुझी मजा होईल. तर तुझ्या वडिलांना तो का नकोय? मितूने फोनवर हात ठेवला आणि तोच प्रश्न काकांना विचारला, अर्थात जर्मनमध्ये.

काकांनी कपातला चहा थोडा हलवला. मला वाटलं, आता ते जावयाचं उदाहरण येणार. पण ते हळूच म्हणाले, "तिले सांग, गाइड आला तं तू त्याच्यासंगं बोलशीन. जर्मनमध्ये. तुम्ही दोघं हसान, मी मागं मागं चालीन. दोघंच असलो तं तुले माह्याशीच बोला लागन. तिथं फोनले रेंज नाही, मी पाहून ठेवलं. तू कीलले जाशीन मंग. मले तेवढं ऐकून घ्याचं आहे."

काकू ओट्याकडे वळून धुतलेलाच कप धुवायला लागल्या. फोनमधून बाई दोनदा हॅलो म्हणाल्या. मितूचं नाक लाल झालं होतं. "आख झो," ती पुटपुटली, "दास वार डेर हाकेन." अस्सं, ही होती तर गोम. आणि मग हात काढून ती बाईंना स्वच्छ, ठाम आवाजात म्हणाली, व्हीर म्योश्टेन अलाइन झाइन.

याचा अर्थ, आम्हाला एकटंच असायचंय. बाई हसल्या, बरं म्हणाल्या आणि तारखा पाहून फोन ठेवला.

काका तसेच बसून राहिले होते. त्यांचा चेहरा असा झाला होता की माशाने माशी तोंडात घेतल्यासारखं वाटतंय, पण दोरी ओढायची हिंमत होत नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "हे व्हीर म्हणजे कोण? आम्ही का आपण?"

मला आधी वाटलं, काका विनोद करताहेत. पण तसं नव्हतं. जर्मनला एकच शब्द पुरतो, आम्हीलाही तोच आणि आपणलाही तोच. त्या एका शब्दात मितू काकांच्या वतीने परक्या बाईशी व्यवहार बोलत होती, की काकांसोबत निघाली होती, हे जर्मनमध्ये समजायला मार्गच नाही. मराठीत आहे. मितूला तो फरक माहीत असेल की नाही, अशी मला शंका आली. ती टेबलावरच्या चहाच्या डागावर बोट फिरवत राहिली. मग परीक्षेला बसल्यासारखी म्हणाली,

"आपण."

काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि "गेनाऊ" म्हणाले. मग उठून गच्चीत गेले आणि वाळत घातलेले पोहे विनाकारण खालीवर करत बसले. काकू म्हणाल्या, त्यांना थोडा वेळ तिथेच राहू दे.

मितूची रुकझाक माझ्याकडेच होती, ती मी संध्याकाळी वर नेऊन दिली. पट्टे मी माझ्या मापाने सैल केले होते, ते मितूने तिथेच उभ्या उभ्या आवळून घेतले. पुढच्या आठवड्यात ते दोघं निघत आहेत. मी शनिवारी उशिरापर्यंत झोपणार आहे आणि तरी मला थोडं चुकल्यासारखं वाटतंय, हे कबूल करायला हरकत नाही. त्या म्हशीला आजा काय म्हणाला, ते आता मला मितूकडूनच ऐकावं लागणार. ती कुठल्या भाषेत सांगेल, बघू.