पट्टेवाल्या अक्षराची परिषद

कोणतीही गोष्ट जगवायची असेल तर आधी तिच्यासाठी परिषद भरवावी लागते, हे आता सर्वमान्य झालं आहे. (परिषद भरूनही जगलेल्या गोष्टींची यादी उपलब्ध नाही.) या नियमानुसार इसिक-कुल सरोवराच्या काठी, तोर-बुलाक गावच्या संस्कृती भवनात, Ө या अक्षरासाठी सात भाषांची परिषद भरली.

हे अक्षर म्हणजे पोटाला पट्टा बांधलेला 'ओ'. रशियन लिपी त्या मुलखात आली तेव्हा तिच्यात 'ओ' आणि 'ए' यांच्या मधला इथला आवाज नव्हता, म्हणून लोकांनी घरच्या घरी अक्षर तयार करून घेतलं. किरगिझ भाषेत सरोवर, आयुष्य आणि मानाची जागा हे तीन शब्द त्याच्याशिवाय लिहिता येत नाहीत. बाकी बरंच काही लिहिता येतं, पण मग त्यात उरतं काय?

परिषद भरवली होती जिपारनं. वय अठ्ठावन्न, संस्कृती भवनाची व्यवस्थापक. दर शनिवारी ती तिथल्या वाचनखोलीत गावातल्या पोरांना गोष्टी वाचून दाखवायची, अशी बावीस वर्षं. आता तालुका कचेरीतल्या तोक्तोसुनसाहेबांनी ठरवलं होतं की वाचनखोलीच्या जागी बिलियर्ड खेळायची सोय करावी, म्हणजे तरुणांचा विकास होईल. बिलियर्डचं टेबल तर एक दिवस आधीच येऊन व्हरांड्यात पडलं होतं. साहेब अन्यायी नव्हते. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ते म्हणाले, "जिपार एजे, सातही भाषांच्या सह्यांचा ठराव रविवारी पाचच्या आत आणा. खोलीला अक्षराचं केंद्र म्हणून जाहीर करतो. नाहीतर टेबल आत."

पाचलाच पाहुण्यांची गाडी निघणार होती.

पाहुणे आले सात : कझाख, मंगोल, तुवा, साखा, तातार, बाश्कीर आणि काल्मिक. परिषदेची भाषा रशियन ठरली, कारण तेवढीच सगळ्यांना येत होती. (त्या भाषेत हे अक्षर नाही. ही बाब इतिवृत्तात घेण्यात आलेली नाही.) रविवारी सकाळी अकराला मेंढी शिजली, सतरंजीवर गोल रोट्या आणि तळलेल्या पिठाचे बोरसोक मांडले गेले, आणि अडचण उभी राहिली. अडचणीबरोबर पाहुणेही उभे राहिले.

दाराच्या समोरची जागा मानाची. तिथं सर्वांत थोर माणूस बसल्याशिवाय इतरांनी बसायचं नसतं, आणि आपण थोर आहोत असं भल्या माणसानं मान्य करायचं नसतं.

"येर्मुखान आके, तुम्ही वर बसा. बहात्तर वर्षांचे तुम्ही," मंगोल लुवसान म्हणाले.

"वयाला काय चाटायचंय? तुमच्या भाषेत ते अक्षर आमच्यापेक्षा जास्त वेळा येतं. तुम्ही बसा," कझाख येर्मुखान म्हणाले.

"अहो, लांबून आल्या त्या साखाच्या बाई."

"लांबून आले ते विमानानं. त्यात माझं काय कर्तृत्व?" बाई म्हणाल्या.

दोन तास चाळीस मिनिटांत एकूण सेहेचाळीस नकार नोंदले गेले. मार्ग काढण्यासाठी तिघांची उपसमिती नेमली. तीही शेजारच्या खोलीत त्याच कारणासाठी उभी होती. मेंढीवर चरबी थिजू लागली. एवढी सभ्य माणसं जिपारनं आयुष्यात पाहिली नव्हती आणि पुन्हा पाहायची तिची इच्छाही नव्हती.

शेवटी तिनं घरून सासूला बोलावून आणलं. साइकाल आपा, वय एक्क्याण्णव.

"काय गं, पाहुण्यांना उभं ठेवलंस? मांडायला गाद्या नव्हत्या घरात?"

"आपा, ते बसतच नाहीत."

"मग मी बसते. माझे गुडघे काही कुठल्या भाषेचे नाहीत."

म्हातारी तडक मानाच्या जागेवर जाऊन बसली. सात विद्वान सुटकेचा श्वास टाकून धपाधप खाली बसले. सर्वांत थोराला द्यायचं मेंढीचं हाड आपांना गेलं, अर्धा-अर्धा पेला चहा फिरू लागला, आणि ठराव जेवणानंतर घ्यायचा ठरलं. जिपारला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

पण साडेचारला आपांना गाय आठवली. धारेची वेळ झाली होती. त्यांनी दोन्ही तळहात उघडले आणि दुवा द्यायला सुरुवात केली.

"तुमचं अक्षर जगो. त्याला पोरंबाळं होवोत. त्याचा गोठा भरलेला राहो. ओमीन."

सातही जणांनी चेहऱ्यावरून हात फिरवले आणि उठले. दुवा झाली म्हणजे बैठक संपली. त्यानंतर पुन्हा बसणं तिथं कुणाच्या बापजन्मी झालेलं नाही.

"आपा, ठराव राहिला ना," जिपार रडवेली होऊन कुजबुजली.

"मग आधी सांगायचं. गाय थांबते होय ठरावासाठी?"

पाहुणे व्हरांड्यात बूट घालत होते. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. जिपारनं ठरावाचा कागद बिलियर्डच्या टेबलावर पसरला. "इथं बसायचंच नाही," ती म्हणाली, "नुसती सही करा."

"आधी येर्मुखान आके करतील," लुवसान म्हणाले.

"छे, आधी तुम्ही."

जिपारचं डोकं फिरलं. तिनं कागदावर ताटलीएवढं वर्तुळ काढलं. "या रेघेवरून सह्या करा. याला ना वर, ना खाली. आता जो 'आधी तुम्ही' म्हणेल त्याला मी इथंच ठेवून घेईन."

सात सह्या वर्तुळभर झाल्या. आठवी, यजमानीण म्हणून, तिनं मधोमध आडवी केली. सगळे कागदाकडे बघत राहिले. पट्ट्यासकट अक्षर तयार झालं होतं. साखाच्या बाईंनी डोळे पुसले. दारात घड्याळ बघत उभ्या असलेल्या तोक्तोसुनसाहेबांनी शिक्का मारला. खोली वाचली. टेबलही राहिलं, त्यावर पोरं आता पुस्तकं पसरून वाचतात.

अक्षराच्या रक्षणासाठी आठ जणांचा व्हॉट्सॲप गट निघाला. पहिल्या महिन्याचा अहवाल द्यावा म्हणून जिपार संदेश मोजायला बसली. संदेश तीनशे बारा. त्यांपैकी शुभेच्छा एकशे नव्वद, नातवंडांचे फोटो चौसष्ट, अक्षराबद्दल कळकळ अठ्ठावन्न. पट्टेवालं अक्षर : शून्य. सगळ्यांनी सगळीकडे बिनपट्ट्याचा रशियन 'ओ' ठोकला होता. पट्ट्यासाठी फोनवर 'ओ'च्या कळीवर बोट जरा जास्त वेळ ठेवावं लागतं.

ती संतापली. तिनं गटावर कडक शब्दांत लिहिलं की सभासदांनी निदान इथं तरी आपलं अक्षर वापरावं. संदेश गेल्यावर तिनं तो वाचला. त्यात ते अक्षर पाच ठिकाणी यायला हवं होतं. पाचही ठिकाणी पट्टा नव्हता.

ती इतकी हसली की आपांनी गोठ्यातून विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही, आपा. घाईत होते."

वाचकहो, तुम्हीही हसलात, बरं वाटलं. आता जरा खिशातला फोन काढा. आईला शेवटचं "जेवलीस का?" विचारलंत, ते कुठल्या लिपीत लिहिलं होतं, तेवढं बघा. घाईत असाल, तर नंतर बघा.