कुलूपवाल्याचं कलिंगड

शेवट ओळखा बघू! नाही ओळखणार. डोकं खाजवून टक्कल पडलं तरी नाही. लावताय पैज?

एक होता कुलूपवाला. कसलंही कुलूप द्या, चिमटीत उघडणार. फक्त स्वतःच्या मूत्राशयाला काही कुलूप बसेना. दर थोड्या वेळानं स्वारी आपली पळतेय! त्याची लेक नाटकात काम करायची, आणि ती ऐन रडायला लागली की हा उठायचा. अख्ख्या रांगेचे पाय तुडवत बाहेर.

लेकीला पहिल्यांदा मोठी भूमिका मिळाली. ती म्हणाली, "बाबा, या वेळी मधेच उठलात ना, तर परत माझ्या नाटकाला यायचं नाही."

झोंबलं बिचाऱ्याला. गेला डॉक्टरीणबाईंकडे.

बाई म्हणाल्या, "आधी चहा कमी करा..." आणि याला लागली! पळाला. (हसू नका, तुमच्यावरही वेळ येईल.) परत येऊन टेकतो तोवर बाई सांगत होत्या, "...आणि फळं, भाज्या भरपूर खा. आलं ना लक्षात सगळं?"

"सगळं!" म्हणाला पठ्ठ्या. मधलं विचारायची लाज.

आता मधलं काय होतं, ते मी सांगतो. कॉफीही कमी, आंबट जपून, आणि पाणी तोडायचं नाही, दिवसभर थोडं थोडं प्यायचं. यानं काय करावं? चहा सोडून कॉफी धरली. पाणी स्वतःच्या अकलेनं बंद केलं. आणि फळं म्हणून प्रयोगाच्या दिवशी अख्खं कलिंगड आणि वर संत्री!

"अहो, कलिंगडात काय वाळू असते का?" बायको म्हणाली.

"ते खायचं असतं. प्यायचं नसतं."

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "मी कडेच्या खुर्चीवर बसते. माझे पाय दुखतात आधीच."

नाटक होतं एका बाईचं, आणि ती बाई म्हणजे लेक. नवरा परागंदा झालाय, आणि ती बंद दाराकडे बघत जन्म काढते. दार काही शेवटपर्यंत उघडत नाही. सगळी गंमत, म्हणजे सगळं दुःख, त्या दारातच.

अर्ध्यापर्यंत यानं दम धरला. घाम फुटला, दात आवळले. शेवटी बायकोच्या केसांतली पिन उपटली. (पिन कशाला? अहो, हात रिकामा असला की त्याला सुचत नाही.) आणि सासूबाईंच्या पायांवरून सुटला.

बाहेर अंधारी बोळ. एक दार बंद, दुसरं बंद. तिसऱ्याला तर चक्क कुलूप! "संडासाला कुलूप लावतात, मेले!" म्हणत यानं पिन घातली. खट्!

समोर झगझगीत उजेड. उजेडात लेक. लेकीपुढं गच्च भरलेलं थिएटर.

लेक पांढरीफटक. पण नाटकवाली पोर, सावरली. म्हणाली, "आलात? इतक्या वर्षांनी?"

हा पाय आवळून, पोटावर हात दाबून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "आलो गं. पण मला थांबता नाही येणार."

आणि वाकडा चालत दुसऱ्या बाजूनं पळाला. थिएटर आधी रडलं, मग हसलं, मग उभं राहून टाळ्या. या सगळ्या टाळ्या त्यानं ऐकल्या, पण कुठून ते विचारू नका.

"बाबा," लेक नंतर म्हणाली, "उठलात तुम्ही मधेच. पण आता प्रत्येक प्रयोगाला यायचं, त्याच दारातून."

पुढं डॉक्टरीणबाईंचं सगळं नीट ऐकून तो बरा झाला आणि तिथंच फसला. चाल सरळ झाली! दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला, "ती कळ कुठं गेली हो?"

आता प्रयोगाच्या दिवशी त्याला कलिंगड आणि कॉफी मिळते. थिएटरच्या संडासाला पक्कं कुलूप असतं, पिननं न उघडणारं. बनवलंय त्यानंच, फुकटात.

किल्ली सासूबाईंच्या कमरेला. आणि त्यांचे पाय दुखत असल्यामुळं त्या जरा सावकाश उठतात.