हैबतराजांनी 'नको' म्हटले त्याची बखर

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न असो, चुलीतला अग्नी मंद असो, ऐकणाराचे पोट हलके असो. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध तृतीयेपासोन दसऱ्यापावेतो एका राज्यात जे वर्तमान जाहले ते आम्ही स्वनेत्रे पाहिले, तैसे लिहितो. राज्याचे नाव विचारू नये, आम्ही तेथील मीठ खाल्ले आहे. तेथील रीत ऐसी जे, दसऱ्याचे दिवशी राजाने देवीच्या तीनशे साठ पायऱ्या आपुल्या पायांनी चढोन माध्यान्हीचा शंख वाजण्यापूर्वी सोने वाहावे, आणि न चढवेल तर गादी सोडावी. आणि हैबतराजे तर ऐसे थोर देहाचे जे पालखीस आठ भोई पुरेनात, मग बारा लागले. गेल्या साली दोघा हुजऱ्यांनी पाठीस उशी लावोन वर ढकलिले, ते चुलतबंधू नागोजीरावांनी पाहिले आणि पंचांकडोन लिहोन घेतले जे, यंदा चढताना राजांस कोणी बोट लाविल्यास गादी नागोजीरावांची. मग राजांनी त्या तृतीयेस चढोन पाहिले, तो अकराव्या पायरीवर बसले आणि पाणी मागितले. झाले, राज्यात एकच बोभाटा.

आता राजे ऐसे का फुगले, तर त्या दरबारी आग्रहाचे वतन होते. अंताजीपंत आग्रहे म्हणोन वृद्ध गृहस्थ, काटकुळे, चाळीस वर्षे राजांच्या पाटाशेजारी उभे राहोन प्रत्येक पदार्थ तीन वेळा वाढावयाचे आणि "महाराज, आणिक एक, आमच्या गळ्याची शपथ" ऐसे म्हणावयाचे. तीनदा न म्हटले तर वतन जाते. आणि राजे भिडस्त, नाही म्हणणे ठाऊक नाही. मग राणी मैनाबाईसाहेब, ज्या बंदरच्या किल्लेदाराची लेक, ज्यांनी लहानपणी पूर्वेच्या बेटांवरले खलाशी दारात रांधताना पाहिले होते, त्यांनी मागील अंगणात आपुली वेगळी चूल मांडली आणि माहेराहून खोलगट लोखंडी कढई आणविली. अहाहा, काय ते रांधणे! जाळ मोठा, तेल चमचाभर, आणि कोबी, गाजर, फरसबी, मोड आलेले मूग कढईत पडले न पडले तोच बाहेर, दाताखाली करकरीत. गवती चहा आणि आले घालोन पातळ कढण, त्यात तांदळाच्या शेवया, वर कांद्याची पात आणि लिंबू. पिवळे दाणे भिजवोन, वाटोन, त्यांचे दूध आंबट घालोन फाडिले आणि पनीर धरिले, त्यास बेटांवर टोफू म्हणतात. आम्ही प्रथम नाक मुरडले, मग वाटी चाटली, खोटे कशास लिहावे. आणि सकाळी रस, एके दिवशी आवळा आणि आले, एके दिवशी दुधी आणि पुदिना, कधी डाळिंब, साखर टाकावयाची नाही. जेवावयास चमचा नाही, बांबूच्या दोन काड्या. राजांची पहिली शेवई मिशीत गेली, दुसरी अंगरख्यात.

राजे तर खूष जाहले. कढण प्याले, शेवया संपविल्या, रसाचा पेला रिता केला, आणि मिशा पुसोन बोलले, "फराळ फार उत्तम जाहला. आता पाट मांडा." मग पाट मांडला, आणि पंतांनी तूप, बासुंदी, मोतीचूर, सर्व तीन तीन वेळा वाढिले. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते हेच. ऐसा महिना गेला आणि भोई चौदा मागू लागले.

तेव्हां राणीसाहेब राजांपुढे येऊन बैसल्या आणि बोलल्या, "ते फराळ नव्हे. तेच जेवण होते."

राजे बोलले, "अहो, पण पंत शपथ घालितात. नको कैसे म्हणावे? आमचे आजे, पणजे, कोणी म्हटले नाही."

"म्हणोन कोणी साठी पाहिली नाही. गादी गेली तर जावो, मी चुलीपाशी सुखाने राहीन. पण अकरा पायऱ्यांत आपला श्वास जातो ते मज पाहवत नाही. मला आपण हवे आहात." ऐसे बोलोन राणीसाहेबांनी डोळ्यांस पदर लाविला.

दुसरे दिवशी भरल्या पंक्तीत पंतांनी पहिला मोतीचूर उचलिला आणि राजे बोलले, "नको." पंक्तीत घास हातीच राहिले. पंतांस वाटले आपुले कानच वाजले. मग वतनाची सनद काढोन वाचिली, तीत लेख ऐसा जे, 'नाकारिले ते माघारी पातेल्यात जाऊ नये, आग्रह करणाराने स्वये ग्रहण करावे.' सात पिढ्यांत त्या ओळीशी कोणाची गाठ पडली नव्हती. मग पंतांनी काय करावे? आग्रह सोडावा तर वतन जाते. म्हणोन तीनदा आग्रह करावा, तीनदा नकार ऐकावा, आणि तीनही लाडू आपण खावे. तूप तैसेच, बासुंदी तैशीच. आणि राजे मागील अंगणात काड्यांनी शेवया खातात, सावकाश, कारण काड्यांनी घाई होत नाही. आषाढात भोई दहा जाहले, श्रावणात आठ, भाद्रपदात राजे पालखी सोडोन पायी फिरू लागले. आणि पंतांस अंगरख्याच्या शिवणी दोनदा उसवाव्या लागल्या.

दसरा उजाडला. नागोजीराव वर देवळात नवी पगडी घालोन बैसले. राजे निघाले, संगे रीतीप्रमाणे पंत नैवेद्याचे ताट घेऊन. शंभर जाहल्या, दोनशे जाहल्या, राजांस घाम आला परंतु दम टिकला, खाली लोक पागोटी उडवू लागले. तो अडीचशेव्या पायरीस मागे ताट वाजले. पंत पायरीवर बैसले होते, तोंड काळेनिळे, हात छातीशी. राजे बारा पायऱ्या पुढे होते आणि सूर्य माथ्यावर येत होता. लोक ओरडले, महाराज चला, चला. राजे वळले आणि खाली उतरले.

"पंत, एक पायरी. आमच्याखातर."

"नको, महाराज."

"आणिक एक, गळ्याची शपथ."

"नको. आपण जावे, शंख होईल."

राजांनी तिसऱ्यांदाही म्हटले, आणि पंतांनी तिसऱ्यांदाही नकाराची मान हालविली. तेव्हां राजे बोलले, "मग सनदेप्रमाणे तुमच्या पायऱ्या आमच्याकडे आल्या." आणि पाठ वाकवोन पंतांस वर घेतले आणि चढू लागले. एकशे दहा पायऱ्या, पाठीवर वृद्ध ब्राह्मण, आणि खाली लोक पायऱ्या मोजू लागले. शेवटल्या पायरीवर पाय पडला, तैसेच पंतांसह जाऊन देवीस सोने वाहिले, आणि शंख वाजला. नागोजीरावांनी पंचांकडे पाहिले. पंच बोलले, राजांस कोणी बोट लाविले नाही, राजांनीच लाविले, त्याविषयी लेख नाही. नागोजीरावांनी पगडी काढिली आणि पंतांस वारा घातला.

पंत वाचले. पुढे आठ दिवसांनी राणीसाहेबांनी त्यांस मागील अंगणात बैसविले, एक वाटी कढण दिले, मूठभर शेवया, पेलाभर डाळिंबाचा रस, आणि दुसऱ्यांदा विचारिले नाही. पंतांनी दोन घोट कढण घेतले. मग बोलले, "बाईसाहेब, चाळीस वर्षे दुसऱ्यास जेवविले, तीन महिने वतनासाठी जेविलो. आज भूक लागली म्हणोन जेवतो आहे." आणि त्यांचे डोळे वाहू लागले.

येणेप्रमाणे गादी राहिली, राजे राहिले, पंत राहिले, आणि आग्रहाचे वतन पंतांनी आपण होऊन सोडिले. ज्याची जितुकी भूक तितुके त्याने वाढोन घ्यावे. हकीकत पुरी जाहली.