वायरीचा मान

एकोणीसशे चौसष्ट साली आगरदांड्याजवळच्या एका कोळीवाड्यात वीज आली आणि कोणाच्या घरात किती जाड वायर घालावी, हा गंभीर प्रश्न पंचांपुढे उपस्थित झाला. "कोण काय काय लावणार?" असे कंत्राटदाराच्या माणसाने विचारून पाहिले. लोकांच्या घरात डोकावणे असभ्य, म्हणून पंचांनी त्याला चहा पाजून गप्प केले. नारळी पुनवेला समुद्रात नारळ सोडण्याचा जो क्रम, तोच वायरीच्या जाडीचा, असे सर्वानुमते ठरले.

त्यानुसार पंचांचे प्रमुख हरेश्वर नाखवा यांच्या घरी करंगळीएवढी वायर गेली. तिच्यावर देव्हाऱ्यातला एक दिवा लागला. सोनाबाई पडली विधवा. तिचा नारळच नाही. तिला सुतळीहून बारीक वायर मिळाली. मासळी विकून आल्यावर बहिणीला चूल फुंकावी लागू नये, म्हणून भाऊ गुणाजीने मुंबईहून विजेची शेगडी आणली होती. ती त्या वायरीवर लागली.

"नाखवा, वायर तापते हाय," सोनाबाई सांगत आली. "माज्या छपराच्या झावळ्यांना लागून हाय ती."

"मग पावसात तिच्या उबेला बोंबील वाळव की!"

दोघा पंचांनी आपलेही बोंबील तिच्याकडे पाठवून दिले. पण फ्यूजची तार रोज वितळू लागली. शेगडी बंद, बोंबील ओले.

"जाड वायर द्या मला," सोनाबाईने हात जोडले.

"क्रम कसा मोडू? पन तुजा मान राखला न्हाय, असं नको. फ्यूजमदली तार जाड देतो. माज्या घरात हाय तशीच!"

नाखव्यांच्या बरोबरीचे काहीतरी तिला जन्मात पहिल्यांदा मिळाले. ती आनंदली, याचेच मला फार वाईट वाटते.

फ्यूज पुन्हा उडाला नाही; वायर मात्र तापतच राहिली. आठवड्याने घर पेटले. शेगडीवर कालवण ठेवून सोनाबाई विहिरीवर गेली होती, म्हणून जीव वाचला. बाकी काही नाही. पंचांनी रीतसर चौकशी केली. राखेत फ्यूज सापडला, तार शाबूत. सबब व्यवस्था निर्दोष असून घरच कच्चे होते, असा निष्कर्ष निघाला. जळालेल्या बोंबलांबद्दल सोनाबाईला समज देण्यात आली.

हसलात ना? आता उठा, आणि सारखा उडतो म्हणून आपल्या घरच्या फ्यूजमध्ये तुम्ही स्वतः पिळून बसवलेली ती जाड तार आधी काढा.